स्वमग्नतेच्या निदानातील पालक व शिक्षकांचे कथन : एक ऐतिहासिक अध्ययन

गोषवारा

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम या अवस्थेचे निदान रक्ताच्या किंवा क्ष-किरणांच्या तपासणीतून होत नाही. मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि मुलाला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तींनी दिलेली माहिती या दोन आधारांवर ते उभे असते. यांपैकी दुसऱ्या आधाराचा, म्हणजे पालक व शिक्षक यांच्या कथनाचा, १९३८ पासूनचा इतिहास प्रस्तुत निबंधात तपासला आहे. पालकांच्या कथनातून हे निदान जन्माला आले, पुढे त्याच कथनावरून पालकांना दोषी धरण्यात आले आणि नंतर प्रश्नावलीच्या रूपाने त्याला पुन्हा शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. या प्रवासाचा महाराष्ट्रातील संस्था, कायदा व ग्रामीण आरोग्य व्यवस्था यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करून औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व येथे मांडले आहे.

बीजसंज्ञा : स्वमग्नता, पालकांचे कथन, शिक्षकांचे कथन, प्रश्नावली, आयसा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम.

प्रस्तावना

मराठवाड्यातील एखादी आई ‘लेकरू हाकेला ओ देत नाही’, ‘एकटंच चाक फिरवत बसतं’, ‘पाव्हणे आले की कानावर हात ठेवतं’ असे सांगते, तेव्हा ती नकळत वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाचा दस्तऐवज निर्माण करीत असते. तिचे हे सांगणे कोणी ऐकले, कोणी लिहून घेतले आणि त्याचा अर्थ काय लावला, यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी ठरते. ‘बाप पण उशिराच बोलला होता’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी ते बाजूला सारले, तर महत्त्वाची वर्षे निघून जातात. ‘मूल हट्टी आहे, आईने लाडावले आहे’ असा शेरा शाळेने मारला, तर आईचे कथन तिच्यावरील आरोपात रूपांतरित होते. आणि तेच सांगणे कोणी नीट टिपून तज्ज्ञापर्यंत पोहोचविले, तर निदानाची वाट मोकळी होते.

हे तीनही प्रकार केवळ आपल्याकडील नाहीत. स्वमग्नतेच्या जागतिक इतिहासात हेच तीन टप्पे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहेत. त्यामुळे या इतिहासाचे अध्ययन केवळ मानसशास्त्राच्या अभ्यासकांपुरते मर्यादित राहत नाही. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनाही ते उपयुक्त ठरणारे आहे.

अध्ययनाची उद्दिष्टे व पद्धती

१. स्वमग्नतेच्या निदानात पालक व शिक्षक यांच्या कथनाला मिळालेल्या स्थानाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. घर व शाळा येथून येणाऱ्या कथनांतील तफावतीचा अर्थ तपासणे.
३. महाराष्ट्रातील व विशेषतः ग्रामीण तालुक्यांतील व्यवस्थेच्या संदर्भात या इतिहासाची उपयुक्तता स्पष्ट करणे.

प्रस्तुत अध्ययनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन, कायदे व शासकीय मार्गदर्शक सूचना यांतील माहितीचा आधार घेतला आहे.

पत्रातून जन्मलेले निदान

‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास छिन्नमनस्कतेच्या संदर्भात वापरला. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो बनला आहे आणि मराठीतील ‘स्वमग्नता’ ही संज्ञाही त्याच अर्थाच्या अंगाने आली. मात्र लहान मुलांमधील स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे जगभर गाजलेले वर्णन अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यांच्या निबंधात अकरा मुलांची हकीकत आहे.

यातील पहिले मूल मिसिसिपी राज्यातील डोनाल्ड ट्रिपलेट. १९३८ मध्ये त्याला कॅनर यांच्याकडे नेण्यात आले. त्यापूर्वी त्याच्या वकील वडिलांनी तेहतीस पृष्ठांचे एक टंकलिखित पत्र पाठविले होते. मूल वर्षाचे असताना अनेक गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत असे, एकटे असताना सर्वाधिक आनंदी दिसे, आई-वडील आले-गेले तरी त्याची दखल घेत नसे, वस्तू गरगर फिरविण्यात रमून जाई, असे तपशील त्या पत्रात होते. कॅनर यांच्या निबंधातील डोनाल्डच्या वर्णनाचा मोठा भाग या पत्रावर आधारलेला आहे. म्हणजेच ज्या नोंदीपासून स्वमग्नतेचा आधुनिक इतिहास सुरू झाला असे मानले जाते, ती नोंद मुळात एका पालकाने लिहिलेली होती. डोनाल्ड ट्रिपलेट यांचे २०२३ मध्ये वयाच्या नव्वदीत निधन झाले.

शाळेचे कथनही या इतिहासात जवळपास त्याच वेळी प्रवेश करते, परंतु वेगळ्या वाटेने. व्हिएन्ना येथील हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये चार मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातील एका मुलाला शाळेनेच त्यांच्याकडे पाठविले होते, कारण शाळेच्या पहिल्याच दिवसाअखेर त्याला ‘शिकविण्यास अयोग्य’ ठरविण्यात आले होते. वडिलांच्या पत्रात मुलाच्या वागणुकीचे बारीक वर्णन होते. शाळेच्या शेऱ्यात मात्र निवाडा होता. तो काळ नाझी राजवटीचा होता आणि त्या काळात ‘शिकविण्यास अयोग्य’ हा शेरा मुलाच्या जिवावर बेतू शकत होता. व्हिएन्नातील ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत शेकडो अपंग मुलांची हत्या झाली. ॲस्पर्गर यांनी काही मुलांना तेथे पाठविण्यात सहभाग घेतल्याचे इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले. प्रौढांनी मुलाबद्दल लिहिलेल्या दोन ओळींचे वजन किती असू शकते, याचे याहून दारुण उदाहरण सापडणे कठीण आहे.

साक्षीदारापासून आरोपीपर्यंत

कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधात एक विलक्षण विसंगती आहे. मुलांची ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी निबंधाच्या अखेरीस सुचविले. परंतु त्याच निबंधात त्यांनी पालकांच्या सविस्तर रोजनिशा व पत्रांकडे बोट दाखवून हा तपशीलवारपणा पालकांच्या स्वतःच्या झपाटलेल्या वृत्तीचे लक्षण असल्याचे म्हटले. मुलाला किती गाणी पाठ होती हे पालकांनी नेमके मोजून लिहिले, म्हणून कॅनर यांना निदान करता आले. पण तेच मोजणे पालकांच्या विरोधातील पुरावा ठरले. मनापासून मायाळू आई-वडील या मुलांच्या घरी क्वचितच आढळले, असेही त्यांनी नोंदविले.

पुढील दोन दशकांत या धाग्याचा दोरखंड झाला. थंड स्वभावाच्या, प्रेम न देणाऱ्या आईमुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना रूढ झाली. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग याच काळातील. शिकागो येथील ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकाने तिला मोठी प्रसिद्धी दिली. या काळात पालकांचे कथन घेतले जात होते, पण ते मुलाला समजून घेण्यासाठी नव्हे, तर आईतील दोष शोधण्यासाठी. ज्या आईला आपले सांगणे आपल्यावरच उलटणार हे ठाऊक असते, ती मोकळेपणाने सांगत नाही. त्यामुळे या सिद्धांताने मातांवर अन्याय केला आणि निदानाचा एक महत्त्वाचा स्रोतही गढूळ केला.

पालकांचे पुनरागमन

या सिद्धांताला आव्हान देणारे दोन प्रमुख संशोधक स्वतः स्वमग्न मुलांचे पालक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेचे मूळ आईच्या वागण्यात नसून मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे प्रतिपादन केले. या ग्रंथाला त्यांनी पालकांनी भरावयाची एक प्रश्नावली जोडली होती. अनेक पालकांनी ती भरून त्यांच्याकडे पाठविली. पत्र लिहिणाऱ्या पालकाच्या जागी आता ठरावीक प्रश्नांची उत्तरे देणारा पालक आला. त्यामुळे एका मुलाची माहिती दुसऱ्याशी ताडून पाहणे शक्य झाले. १९६५ मध्ये रिमलंड यांच्या पुढाकाराने अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९६९ मध्ये याच संघटनेपुढे बोलताना कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त असल्याचे जाहीर केले.

इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९६२ मध्ये अन्य पालकांसमवेत राष्ट्रीय संघटना उभारली. त्यांनी व ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास करून १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाला ओळखणाऱ्या प्रौढांशी सविस्तर, नियोजनबद्ध मुलाखत हे या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन होते. कॅनर यांच्या काटेकोर चौकटीत न बसणारी, परंतु सामाजिक देवाणघेवाण, संवाद व कल्पनाशक्ती या तिन्ही अंगांनी अडचणीत असलेली कितीतरी मुले या अभ्यासातून पुढे आली. ‘वर्णपट’ म्हणजे स्पेक्ट्रम ही आजची कल्पना विंग यांच्या या कामातून विकसित झाली.

प्रश्नावलींचा काळ

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीत (डीएसएम-३) बालवयातील स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. निकष ठरले तशी ते तपासण्याची साधनेही ठरावीक होऊ लागली. १९८० मध्ये एरिक शॉपलर व सहकाऱ्यांनी ‘कार्स’ ही मापनश्रेणी मांडली. १९८९ मध्ये व सुधारित स्वरूपात १९९४ मध्ये ‘एडीआय’ ही पालकांची दीर्घ मुलाखत प्रसिद्ध झाली, तर मुलाच्या थेट निरीक्षणासाठी ‘एडीओएस’ हे साधन १९८९ मध्ये आले. पालक काय सांगतात आणि तज्ज्ञाला काय दिसते, या दोहोंची सांगड घालण्याची पद्धत यातून रूढ झाली. लहान बालकांच्या प्राथमिक चाळणीसाठी १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘चॅट’ आणि २००१ मध्ये अमेरिकेत ‘एम-चॅट’ ही पालकांनी भरावयाची सूची तयार झाली. मूल बोटाने एखादी वस्तू दाखवते का, नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत.

शिक्षकांना या साधनांत जागा थोडी उशिरा मिळाली. स्टीफन एहलर्स, क्रिस्टोफर गिलबर्ग व लॉर्ना विंग यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली सत्तावीस प्रश्नांची ‘एएसएसक्यू’ ही सूची पालक व शिक्षक दोघांनीही भरावी अशी होती. २००५ मध्ये जॉन कॉन्स्टँटिनो यांची पासष्ट प्रश्नांची ‘एसआरएस’ श्रेणी आली. तिच्यातही पालक व शिक्षक एकाच मुलाबद्दल स्वतंत्रपणे उत्तरे देतात. दोघांचे कथन एकत्र पाहिल्यास निदानाची अचूकता वाढते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले.

पालकांचे कथन प्रतिष्ठित होत असतानाच त्याची मर्यादाही एका प्रकरणाने उघड केली. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला. त्यातील आठ मुलांच्या बाबतीत वागणुकीतील बदल गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर दिसू लागल्याचे नोंदविले होते. त्यावरून लसीबद्दल जगभर भीती पसरली. पुढील मोठ्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही आणि २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. पालक ‘काय दिसले’ हे सांगतात तेव्हा त्यांच्यासारखा साक्षीदार नाही. ‘कशामुळे झाले’ हे मात्र त्यांच्या आठवणीवरून ठरविता येत नाही. हा विवेक सुटला की आधी मातांना आणि नंतर लसीला दोष देणारे सिद्धांत उभे राहतात.

घर व शाळा : दोन कथनांतील तफावत

थॉमस आखेनबाख व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. मुलांच्या वर्तनसमस्यांबाबत समान भूमिकेतील व्यक्तींच्या, उदाहरणार्थ दोन्ही पालकांच्या, उत्तरांमधील सहसंबंध सरासरी ०.६० इतका होता. पालक व शिक्षक यांसारख्या भिन्न भूमिकेतील व्यक्तींमध्ये तो अवघा ०.२८ आढळला. हा अभ्यास केवळ स्वमग्नतेपुरता नव्हता, तथापि त्याचा निष्कर्ष येथे तंतोतंत लागू पडतो.

सुरुवातीला अशा तफावतीकडे मापनातील दोष म्हणून पाहिले जाई. कोणीतरी एक चुकत आहे, असे गृहीत धरले जाई. पुढे ॲन्ड्रेस डी लॉस रेयेस व ॲलन कॅझडिन यांच्या २००५ मधील मांडणीपासून या तफावतीकडेच माहिती म्हणून पाहण्याची दृष्टी बळावली. घरी मुलाच्या सवयी सर्वांना ठाऊक असतात. ताट कोणते, जागा कोणती, झोपताना कोणते पांघरूण, हे सारे आई न सांगता सांभाळते. त्यामुळे बदलाबद्दलची मुलाची असहिष्णुता घरात झाकली जाते आणि शाळेत उघडी पडते. उलट, वर्गात चाळीस मुलांमध्ये शांत बसणारे मूल शिक्षकांना ‘गुणी’ वाटते आणि दिवसभराचा ताण ते घरी आल्यावर रडून-ओरडून मोकळा करते. अशा वेळी दोघेही खरेच सांगत असतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. स्वमग्न मुलींबद्दल शिक्षकांनी तुलनेने कमी अडचणी नोंदविल्याचे काही पाश्चात्त्य अभ्यासांत आढळले आहे. अबोल, नजर खाली ठेवणारी, एकटी बसणारी मुलगी आपल्या समाजात तर ‘गरीब स्वभावाची’ म्हणून कौतुकास पात्र ठरते. तेव्हा आईच्या काळजीला शाळेचा दुजोरा मिळाला नाही, एवढ्यावरून ती निराधार मानता येत नाही.

२०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ ने सामाजिक संवादातील अडचणी एकापेक्षा अधिक परिस्थितींत दिसल्या पाहिजेत, असा निकष घातला. लक्षणे सध्या दिसत असोत वा पूर्वेतिहासातून कळत असोत, दोन्ही ग्राह्य मानली. सामाजिक अपेक्षा वाढेपर्यंत ती पूर्णपणे प्रकट होणार नाहीत, हेही मान्य केले. निरनिराळ्या परिस्थितींची माहिती घर व शाळा यांच्याशिवाय मिळणे कठीण आणि पूर्वेतिहास पालकांशिवाय अन्य कोणाकडे क्वचितच असतो. त्यामुळे या दोन्ही कथनांची गरज निकषांतच अंतर्भूत झाली.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात मुलाबद्दल घर व शाळा यांच्याकडून पद्धतशीर माहिती घेण्याची परंपरा स्वमग्नतेच्या निदानापेक्षा जुनी आहे. मुंबईच्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. बालमार्गदर्शनाच्या या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्ता असतो. घरची पार्श्वभूमी व शाळेतील वर्तन यांची माहिती मिळविणे हे त्याचे काम असते.

१९४४ मध्ये होरमसजी व जेरबानू वकील या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील संस्था म्हणून नावारूपास आली. पालकांच्या गरजेतून संस्था जन्मण्याची ही परंपरा स्वमग्नतेच्या क्षेत्रातही दिसते. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या मातेने सुरू केली.

शिक्षकाच्या निरीक्षणाचा विचार करताना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी उभे केलेले बालशिक्षणाचे कार्य माँटेसरी विचारांवर आधारलेले होते. मुलाचे शांतपणे निरीक्षण करणे हे त्या विचारात शिक्षिकेचे पहिले कर्तव्य मानले जाते. वस्तीवर, अंगणात जाऊन मुलांना शिकविण्याचा त्यांचा प्रयोग ‘अंगणवाडी’ या शब्दाशी कायमचा जोडला गेला आहे. मुलाकडे पाहण्याची ही शिस्त निदानासाठी घडविलेली नव्हती, पण निदानाला जिची गरज असते ती हीच.

अलीकडील काळात विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या ‘उम्मीद’ बालविकास केंद्राचे कार्य येथे महत्त्वाचे ठरते. तुर्कस्तानातील डॉ. इल्गी एर्टेम यांनी विकसित केलेली ‘जीएमसीडी’ ही बालविकास-निरीक्षणाची पद्धत तुर्कस्तान, अर्जेंटिना, भारत व दक्षिण आफ्रिका या चार देशांत अभ्यासली गेली. त्यातील भारतीय काम ‘उम्मीद’च्या सहभागाने झाले. ही पद्धत केवळ स्वमग्नतेसाठी नाही. तिच्यात ‘होय-नाही’ स्वरूपाच्या सूचीऐवजी मोकळे प्रश्न विचारून पालकांना आपल्या शब्दांत बोलू दिले जाते. तेहतीस पृष्ठांच्या पत्रातील जी संपन्नता प्रश्नावलीत हरवली होती, ती परत मिळविण्याचा हा एक प्रयत्न म्हणता येईल.

कायदा, प्रमाणपत्र व ‘आयसा’

अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची प्रथम दखल घेतली आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिला स्थान दिले. हक्क मिळाला, पण तो प्रत्यक्षात आणण्यासाठी प्रमाणपत्र हवे आणि प्रमाणपत्रासाठी मोजमाप हवे.

हे मोजमाप सिकंदराबाद येथील तत्कालीन राष्ट्रीय मतिमंद संस्थेने ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीच्या रूपाने दिले. तिच्यात सहा विभागांत विभागलेले चाळीस मुद्दे आहेत. प्रत्येक मुद्द्याला ‘क्वचित’पासून ‘नेहमी’पर्यंत एक ते पाच गुण दिले जातात. मुलाचे निरीक्षण व पालकांची मुलाखत या दोन्हींतून ती भरली जाते. सत्तरपेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र, अशी तिची विभागणी आहे. २०१६ च्या शासकीय सूचनांनुसार सत्तर गुणांना चाळीस टक्के दिव्यांगत्व मानण्यात आले. कायद्यातील अनेक सवलतींचा उंबरठाही चाळीस टक्क्यांचाच आहे.

येथे कथनाच्या अचूकतेचा प्रश्न थेट हक्काशी जोडला जातो. ‘आयसा’मध्ये ‘क्वचित’ म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत, ‘कधी कधी’ म्हणजे एकवीस ते चाळीस टक्के, अशा पायऱ्या आहेत. शेतमजुरी करणारी आई मुलाचे वागणे टक्क्यांत मोजत नाही. ती प्रसंगात सांगते : बाजारात नेले की, लग्नाचा बँड वाजला की, दुसऱ्याने ताट वाढले की. या प्रसंगांचे गुणांत रूपांतर विचारणारा करतो. उंबरठ्यालगतच्या मुलाच्या बाबतीत दोन-तीन मुद्द्यांवर ‘कधी कधी’ आणि ‘बहुतेकदा’ यांतील फरक प्रमाणपत्र मिळणे व न मिळणे यांतील फरक ठरू शकतो.

भाषांतराचाही प्रश्न आहे. ‘एएसएसक्यू’मध्ये इतर मुले या मुलाला विक्षिप्त प्राध्यापकासारखे समजतात का, अशा आशयाचा प्रश्न आहे. वाडी-वस्तीवरील पालकाला त्यातून काहीच बोध होणार नाही. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देणे हा ज्या समाजात आदराचा भाग आहे, तेथे नजरभेटीविषयीचा प्रश्न कोणाच्या संदर्भात विचारला, हे स्पष्ट असावे लागते. आईच्या किंवा बरोबरीच्या मुलांच्या नजरेला नजर न देणे आणि गुरुजींच्या नजरेला न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र यावरून भारतीय पालकांना लक्षणे कळत नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तमारा डेली यांनी शहरी भारतातील कुटुंबांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुलाच्या सामाजिक प्रतिसादातील वेगळेपण भारतीय पालकांच्या आधी लक्षात येत असल्याचे दिसून आले. माणसांनी भरलेल्या घरात माणसांकडे न पाहणारे मूल लवकर लक्षात यावे, हे स्वाभाविकच आहे.

पालघर ते औंढा नागनाथ

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून तपासावयाच्या अवस्थांत स्वमग्नतेचाही समावेश आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीला वर्षातून दोनदा व शाळेला एकदा भेट द्यावी आणि संशयित मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी रचना आहे. पथकाला एका मुलासाठी मिळणारा वेळ अर्थातच थोडा असतो. त्या थोड्या वेळात वर्षभराचे वागणे दिसणे शक्य नसते. ते माहीत असते आईला, अंगणवाडीताईंना व वर्गशिक्षकांना. शालेय पातळीवर एनसीईआरटीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘प्रशस्त’ या उपयोजनात पहिल्या टप्प्याची सूची वर्गशिक्षकाने व दुसऱ्या टप्प्याची विशेष शिक्षकाने भरावयाची आहे. म्हणजे शिक्षकाचे कथन आता शासकीय व्यवस्थेचा अधिकृत भाग झाले आहे.

या मुलांची संख्या नगण्य नाही. देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर गोव्याचाही समावेश होता. स्वमग्नतेचे प्रमाण त्यात एक टक्क्याच्या आसपास आढळले.

ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून देशभर परिचित असलेले औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. अशा नव्या व ग्रामीण जिल्ह्यात विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ मुंबई-पुण्याइतके सहज उपलब्ध असणे शक्य नाही. मजुरी बुडवून दूरच्या शहरात गेलेल्या कुटुंबाला तज्ज्ञांचा वेळ एकदाच मिळतो. त्या वेळी हातात काही लेखी नोंद असेल तर तो वेळ सार्थकी लागतो.

याशिवाय मराठवाड्यातील एक वास्तव लक्षात घ्यावे लागते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मूल दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात शिक्षकाच्या कथनाचा धागा तुटतो. मूल आजी-आजोबांकडे राहिले तर आई-वडिलांच्या कथनाचा धागा तुटतो. अशा मुलाबाबत ‘पालक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न प्रश्नावली भरण्यापूर्वीच सोडवावा लागतो. जी व्यक्ती मुलाला रोज जेवू घालते व निजवते, तिचे कथन घेणे हेच त्याचे उत्तर आहे, मग ती आजी का असेना.

निष्कर्ष

१. स्वमग्नतेच्या निदानाचा उगम पालकाच्या लेखी कथनात आहे. पालक हे या शास्त्राचे केवळ विषय नसून आरंभापासूनचे सहभागी आहेत.

२. कथनाला वर्णन म्हणून न स्वीकारता त्यातून कथन करणाऱ्याचा दोष शोधला गेला, तेव्हा शास्त्र दोन दशके मागे राहिले. ‘आईने लाडावले’ हा आजचा शेरा त्याच चुकीची पुनरावृत्ती आहे.

३. शिक्षकाच्या कथनाचे मोल वर्णनात आहे, निवाड्यात नाही. ‘मतिमंद आहे’, ‘शिकणार नाही’ यांऐवजी ‘नाव घेऊन हाक मारल्यावर पाचपैकी एकदा वळून पाहिले’ अशी तारखेसह केलेली नोंद अधिक उपयुक्त ठरते.

४. घर व शाळा यांच्या कथनात तफावत असल्यास ती मिटविण्याची घाई करू नये. दोन्ही कथने स्वतंत्रपणे, सांगणाऱ्याच्या बोलीत लिहून ठेवावीत. कोणत्या परिस्थितीत काय घडते, हे त्या तफावतीतूनच कळते.

५. कथन हे निदान नव्हे. शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका यांनी स्वतः निदान जाहीर करू नये. तज्ज्ञांची तपासणी लांबली तरी मुलाशी संवाद, खेळ व वाचा-उपचार सुरू करण्यास निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ग्रामीण महाविद्यालयांची या संदर्भात विशेष जबाबदारी आहे. तालुक्यातील उद्याचे शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका व ग्रामसेवक याच महाविद्यालयांच्या वर्गांत आज बसलेले असतात. मानसशास्त्र व समाजशास्त्राच्या क्षेत्रकार्यात मुलाच्या वागणुकीचे शेरेविरहित वर्णन लिहिण्याचा सराव अंतर्भूत केल्यास त्यासाठी वेगळ्या निधीची वा यंत्रणेची आवश्यकता भासणार नाही. मिसिसिपीतील वकिलाकडे टंकलेखनाची सोय होती. औंढ्याच्या परिसरातील निरक्षर आईकडे ती नाही, परंतु तिचे पाहणे त्याच्याइतकेच बारीक असते. ते कागदावर उतरवून घेणारा सुशिक्षित माणूस गावातच उपलब्ध व्हावा, एवढेच हा इतिहास सुचवितो.